पाठकोऱ्या कागदांची गुपितं

कोथरूडच्या एका किराणा दुकानदाराला आपल्या गिऱ्हाइकांची जेवढी माहिती होती, तेवढी आयकर खात्यालाही नसावी. ती मिळवायला त्याने काही खटपट केली नव्हती. दर महिन्याच्या एक-दोन तारखेला ती आपण होऊन दुकानात चालत यायची. दोन किलो तूरडाळ, एक किलो साबुदाणा, कोलमचा दहा किलोचा कट्टा, खडा हिंग, फुलवाती – आणि चिठ्ठी उलटी केली की मागे फॉर्म सोळा. कुणाच्या यादीमागे बँकेचा उतारा, कुणाच्या मागे रक्ततपासणीचा अहवाल, कुणाच्या मागे वकिलाची नोटीस. शेठ सज्जन माणूस. वाचलेलं त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. फक्त एकदा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या काकांच्या घरून आलेली यादी त्याने वाचली, उलटली, पुन्हा सुलटी केली आणि फोन लावला. "काकू, साखर पाच किलो लिहिलीय. नक्की पाच?" काकांची साखर वाढल्याचं न्यू जर्सीतल्या मुलाच्या आधी शेठला कळलं, ते असं.

एका बाजूला छापलेल्या आणि दुसऱ्या बाजूला कोऱ्या कागदाला मराठीत 'पाठकोरा' असा खास शब्द आहे, आणि ज्या भाषेत त्यासाठी शब्द आहे त्या भाषेतली माणसं तो कागद फेकणार नाहीत हे उघड आहे. कागदाला पाय लागला तर नमस्कार करायचा. मग अर्धा कोरा कागद टाकून कसा द्यायचा? तो चिमट्यात अडकवून फोनशेजारी टांगायचा. त्यावर दुधाचा हिशेब होतो, इस्त्रीचे कपडे मोजले जातात, नातवंडं भागाकार करतात, संक्रांतीला कुणाला काय लुटायचं ते ठरतं. घराच्या दृष्टीने छापील बाजू संपलेली, खरी किंमत कोऱ्या बाजूची. चोराच्या दृष्टीने नेमकं उलट. दोन्ही पक्ष एकाच कागदावर इतके समाधानी असण्याचं दुसरं उदाहरण सापडणं अवघड.

याच घरात एक गोदरेजचं कपाट असतं. त्याच्या आतल्या कप्प्यात तीन फायली असतात: 'महत्त्वाचे', 'अतिमहत्त्वाचे' आणि 'इतर महत्त्वाचे'. कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली कुणाला सापडू नये म्हणून देवघरातल्या हळदीकुंकवाच्या डब्याखाली असते. ही जागा घरातल्या सगळ्यांना, कामाच्या मावशींना आणि एकदा पाणी भरायला आलेल्या शेजाऱ्यांना ठाऊक असते. काकांच्या 'अतिमहत्त्वाचे'मध्ये काय होतं? बजाज स्कूटरसाठी नाव नोंदवल्याची पावती. स्कूटर आली, धावली, भंगारात गेली, पावती शाबूत. टेलिफोनसाठी नंबर लावल्याचं पत्र. रेडिओ ऐकण्याचा परवाना – एके काळी त्यासाठीसुद्धा पोस्टात फी भरावी लागे. वीज मंडळाची बिलं. ते मंडळ २००५ साली मोडून त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तरी आपण त्याचं देणं लागत नाही याचा पुरावा हाताशी असलेला बरा. आणि एका मिक्सरचं गॅरंटी कार्ड. मिक्सर नणंदेला दिला होता, कार्ड दिलं नव्हतं.

थोडक्यात, ज्या कागदाकडे चोर ढुंकूनही पाहणार नाही तो तिजोरीत, आणि ज्यासाठी चोर वाट वाकडी करून येईल तो वाण्याकडे.

काकांना यावरून हसणं सोपं आहे. पण त्यांना ही सवय लावली कुणी? निवृत्त माणसाला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत हे कागदावर सिद्ध करावं लागतं. समोर उभा असलेला माणूस पुरेसा नसतो. २०१४ पासून हे काम बोटाच्या ठशावर करण्याची सोय झाली, तर काकांचे ठसे वयामुळे झिजलेले निघाले आणि यंत्राने त्यांना ओळख दाखवायला नकार दिला. ज्याला वर्षातून एकदा स्वतःच्या असण्याचा पुरावा गोळा करावा लागतो, तो विजेचं बिल फाडेल कशाला? "कधी लागेल सांगता येत नाही" हे त्याचं वाक्य गमतीचं नाही, अनुभवाचं आहे.

आणि लागतोही. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधायला नेमली गेली, तेव्हा महाराष्ट्रातल्या किती घरांतल्या पत्र्याच्या ट्रंका माळ्यावरून खाली आल्या असतील. पणजोबांचा शाळेचा दाखला, खासरापत्रक, गावनमुना चौदा – ज्या कागदांना वाळवी लागली म्हणून मागच्या दिवाळीत पोटमाळ्यावरून फेकायचं ठरलं होतं, त्यांच्यासाठी माणसं तहसील कचेरीत रांगा लावून उभी राहिली. मोडी वाचणाऱ्याला तर एकदम डॉक्टरइतका मान आला. मोडीचं एक बरं आहे. तिच्यातल्या कागदाला आज वेगळं गोपनीय ठेवावं लागत नाही. घरातल्या कुणालाच तो वाचता येत नाही. सावकाराचं कर्ज आहे की पुरणपोळीची कृती, हे नातू, सून आणि चोर या तिघांनाही सारखंच अज्ञात.

शिवाय इतिहास काकांच्या बाजूने आहे. पेशव्यांच्या कारभाराचे कागद कापडाच्या रुमालांत बांधून ठेवले होते, म्हणून तर गो. स. सरदेसाई १९३० ते १९३४ च्या दरम्यान त्यांतून निवडून ४५ भाग काढू शकले. वि. का. राजवाडे गावोगाव लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं हुडकत हिंडले आणि त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापली. त्या दप्तरांत मोहिमांइतकेच किराणाचे हिशेब, उसनवाऱ्या आणि भाऊबंदकी आहे. नाना फडणिसांना कुणी 'गरज संपली की कागद बारीक करून टाका' असं पटवलं असतं, तर आज अर्ध्या पुण्याकडे वाद घालायला विषय नसता.

मग काकांचं मन फिरलं कशाने? शेंगदाण्यांनी.

संध्याकाळी टेकडीवरून उतरताना ते दहा रुपयांचे खारे दाणे घेतात. दाणे संपल्यावर पुडी उलगडून वाचायची हा त्यांच्या पिढीचा नियम. वाचनसंस्कृतीवर झालेल्या परिसंवादांत पुडीचा उल्लेख होत नाही, पण त्या संस्कृतीचा मोठा भाग याच मार्गाने टिकला. त्या दिवशीची पुडी म्हणजे कुणा अनोळखी गृहस्थाच्या बँकेच्या उताऱ्याचं पान होतं. काकांनी ते दिव्याच्या खांबाखाली उभं राहून सविस्तर वाचलं. गृहस्थाने पाच तारखेला व्यायामशाळेची वर्षाची फी भरली होती. आठ तारखेला बिर्याणी. नऊला बिर्याणी. बाराला औषधं. घराचा हप्ता, विम्याचा हप्ता, एका दागिन्यांच्या दुकानात मोठी रक्कम आणि दुसऱ्याच दिवशी मेव्हण्याला उसने. वर नाव, पत्ता, खातेक्रमांक, सगळं ठसठशीत. काकांना आधी त्या माणसाची काळजी वाटली, मग गंमत वाटली, आणि घराच्या दारात चपला काढताना अचानक आठवलं की आपणही गेल्या दिवाळीत अठरा किलो रद्दी काढली होती.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्येच वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं बजावलं होतं आणि पुढे २०१८ च्या नियमांत त्यावर बंदीही घातली. कारण शाईतली रसायनं. वड्याच्या तेलाबरोबर शाई पोटात जाते, याची सरकारने दखल घेतली. शेजाऱ्याचा पगारही पोटात जातो, तो अजून कोणत्या खात्याच्या अखत्यारीत आलेला नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला खरा, पण तो डिजिटल माहितीचा. संगणकातली माहिती, किंवा कागदावरून संगणकात गेलेली माहिती त्याच्या छत्राखाली येते. खाऱ्या दाण्यांची पुडी बाहेर, पावसात.

काकांनी त्या रात्री मुलाला व्हिडिओ कॉल केला. मुलगा म्हणाला, "बाबा, किती वेळा सांगितलं, श्रेडर घ्या." हे तो २०११ पासून सांगत होता. न्यू जर्सीत त्याच्या घरी ते यंत्र आहे, आणि असायला कारणही आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली ग्रीनवुड नावाच्या गृहस्थाच्या खटल्यात निकाल दिलाय की रस्त्याकडेला ठेवलेल्या कचऱ्याच्या पिशवीवर मालकाला खासगीपणाचा हक्क सांगता येत नाही. पोलिसांनी वॉरंटशिवाय ती उघडली तरी चालतं. आपल्याकडे पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या दिवशीचं वर्तमानपत्रही काकांनी जपून ठेवलं आहे.

"पण आपल्या कागदात चोरण्यासारखं आहे काय?" काकूंनी मुद्द्याचा प्रश्न विचारला.

खरं तर पुष्कळ. पॅन क्रमांकाच्या दहा अक्षरांतलं चौथं अक्षर सांगतं की धारक व्यक्ती आहे की कंपनी, आणि पाचवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर असतं. म्हणजे नंबरसुद्धा थोडा बोलका आहे. पॅन, जन्मतारीख, पत्ता आणि सहीचा नमुना एका गठ्ठ्यात मिळाला तर कुणीतरी तुमच्या नावाने कर्ज घेऊ शकतो आणि तुम्हाला ते वसुलीवाल्याच्या फोनवरून कळतं. याला उतारा म्हणून पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा प्रत्येकाला फुकट अहवाल द्यावा, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून बंधनकारक केलं आहे. काकांनी तो मागवला. स्वतःचा पतगुणांक पाहून त्यांची छाती फुगली. अहवालाची एक प्रत छापली. दोन्ही बाजूंनी नाही, एकाच.

आधारची गोष्ट याहून रंगतदार. २७ मे २०२२ ला आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने सूचना काढली की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. शेवटचे चारच आकडे दाखवणारं 'मास्क्ड आधार' द्या. देशभर एकच धांदल उडाली. लॉजवाल्याला, सिमकार्डवाल्याला, गॅस एजन्सीला, मंगल कार्यालयाला आपण आजवर किती प्रती वाटल्या, याची माणसं बोटांवर मोजणी करू लागली आणि बोटं संपली. दोन दिवसांनी, २९ मेला, केंद्र सरकारने सूचना मागे घेतली: चुकीचा अर्थ निघू शकतो, लोकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी. नेहमीची सावधगिरी म्हणजे काय, हे काकांना पक्कं ठाऊक आहे. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून 'फक्त गॅस जोडणीकरिता' असं लिहायचं आणि तारीख घालून सही करायची. हा उपाय अजिबात वाईट नाही. फक्त झेरॉक्सच्या दुकानात पहिली प्रत वाकडी येते, दुसरी काळी येते, तिसरी बरी येते. बरी आपण घेऊन येतो, आणि वाकडी नि काळी दुकानाच्या कोपऱ्यातल्या खोक्यात पडते. ते खोकं भरलं की त्याचं पुढे काय होतं, याची चौकशी करणारा गिऱ्हाईक अजून कोणत्या दुकानदाराने पाहिला असेल असं वाटत नाही. मुलं मात्र त्याच दुकानात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा स्वस्तात मागताना दिसतात.

आणि बँका सुरक्षेसाठी विचारतात तो प्रश्न: आईचं माहेरचं आडनाव. हा प्रश्न ज्याने शोधला त्याच्या हातात मराठी लग्नाचा बायोडेटा कधी पडला नसणार. त्यात वर-वधूचं नाव, जन्मतारीख, मिनिटापर्यंत जन्मवेळ, जन्मस्थळ, रक्तगट, उंची, पगार, फ्लॅट कुणाच्या नावावर, आणि शेवटी ठळक अक्षरांत 'मामांचं कुळ' – आडनाव आणि गावासकट! जगातली मोठमोठी सुरक्षाव्यवस्था ज्या गुपितावर उभी आहे, ते आपण वधुवर सूचक मंडळाच्या फलकावर लावतो, शंभर प्रती काढतो आणि 'अनुरूप स्थळ असल्यास कळवावे' म्हणून भिशीत वाटतो.

असो. कागदांची विल्हेवाट लावायची असं ठरलं. कशी लावायची, यावर घरात दोन पक्ष पडले.

काका नारायण पेठेतल्या वाड्यात वाढलेले. तिथे हा प्रश्नच नव्हता, कारण न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. खाली जाळी, मधोमध धुराची नळी, भोवती पाणी. पहाटे त्यात नारळाच्या शेंड्या, करवंट्या, लाकडाच्या ढलप्या जायच्या आणि पेटवण म्हणून कागद. कुणाची उधारीची चिठ्ठी, कुणाचं नापास झालेलं प्रगतिपुस्तक, आत्याच्या मोडलेल्या लग्नाची पत्रं – सगळी गुपितं त्या नळीतून वर गेली. जगातली कोणतीही गुप्तहेर संघटना बंबातला कागद परत जुळवू शकली नसती, आणि वर आंघोळीला कढत पाणी. कागद नष्ट करण्याचं इतकं परिपूर्ण यंत्र आपल्याकडे घरोघर होतं; गॅसचा गिझर आला आणि आपण ते मोडीत घालून त्याच्या बदल्यात स्टीलची भांडी घेतली.

काकांनी मग गच्चीवर पत्र्याच्या डब्यात कागद जाळायचा बेत केला. सोसायटीच्या सचिवांना धुराचा वास तिसऱ्या मिनिटाला आला. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठरवला आहे, हे सचिवांना तोंडपाठ होतं. त्यांना त्या निकालातलं तेवढंच वाक्य तोंडपाठ होतं, पण पुरलं. होळीपर्यंत थांबावं, असा एक पर्याय सुचला. तेव्हा पुढच्या होळीला तीनशेच्या वर दिवस होते.

काकूंची पद्धत साधी. कागद घ्यायचा, चर्र करून उभा फाडायचा, आडवा फाडायचा, चार तुकडे एकाच डब्यात. झालं. यावर नातवाने आजीला दोन हकिगती ऐकवल्या. पूर्व जर्मनीत १९८९ साली राजवट कोसळू लागली, तेव्हा तिथल्या गुप्त पोलिसांनी आपल्या फायली फाडायला घेतल्या. यंत्रं कमी पडली, हातांनी फाडत बसले. तुकड्यांची १६,००० च्या आसपास पोती सापडली, आणि १९९५ पासून माणसं ते तुकडे टेबलावर पसरून पुन्हा जोडत बसली आहेत. हातांनी फाडलेल्या कागदाची कड वेडीवाकडी असते, ती शेजारच्या तुकड्याशीच नेमकी बसते. म्हणून असा कागद जुळवायला उलट सोपा. दुसरी हकिगत इराणची. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानची अमेरिकी वकिलात ताब्यात जाताना आतल्या लोकांनी कागद यंत्रात घालून उभ्या पट्ट्या केल्या. पण तो देश गालिचे विणणाऱ्यांचा. धाग्याशेजारी धागा लावण्यात हयात गेलेले विणकर बसवले, पट्टीशेजारी पट्टी लागली, आणि त्या कागदांची पुस्तकं छापून विकली गेली.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "आपल्या इमारतीत गालिचे कोण विणतं?"

तरीही मुलाने परस्पर श्रेडर मागवून दिलाच. या यंत्राचं मूळ मोठं मजेशीर आहे. जर्मनीत आडोल्फ एहिंगर नावाच्या माणसाने १९३५ च्या सुमाराला तिथल्या राजवटीविरुद्धचे आपले कागद नष्ट करायला ते बनवलं, आणि त्याची कल्पना त्याला हाताने फिरवायच्या शेवयांच्या यंत्रावरून सुचली, असं सांगतात. हे ऐकल्यावर काकूंचा त्या वस्तूबद्दलचा परकेपणा एकदम गेला. "म्हणजे सोऱ्याच की," म्हणून त्यांनी ते स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी ठेवून घेतलं.

जर्मनांनी पुढे तुकडे करण्याचेही सात दर्जे ठरवले. पहिल्या दोनांत नुसत्या पट्ट्या, म्हणजे कुरडया. चौथ्या दर्जात तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा नाही, म्हणजे साधारण पोह्याएवढा किंवा त्याच्या दीडपट. घरगुती कागदांना हा दर्जा भरपूर होतो. सातव्यात तुकडा ५ चौरस मिलिमीटर, म्हणजे रवा. तो सरकारी गुपितांसाठी. २०११ साली अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने बारीक केलेल्या पाच कोड्यांचे दहा हजारांच्या आसपास तुकडे जाहीर करून ५०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. सुमारे ९ हजार संघ उतरले, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या तीन जणांनी ३३ दिवसांत संगणकाच्या मदतीने ती जुळवली. एवढं करून काकांच्या मिक्सरचं गॅरंटी कार्ड कुणी जुळवेल, ही भीती मात्र नातवाने निकालात काढली.

यंत्र घरगुती होतं. तीन मिनिटं चाललं की तापायचं आणि अर्धा तास विश्रांती मागायचं. काकांना त्यात आपलं काही दिसलं असावं. ते त्याच्यावर कधी रागावले नाहीत. एका वेळी पाच कागद, टाचणी नको, पंच केलेली फीत नको, प्लास्टिकचं आवरण नको. पाटबंधारे खात्यात तर प्रत्येक कागदाला टाचणी, तिच्यावर दुसरी टाचणी, आणि दोन्ही गंजलेल्या. दुपारभर काका टाचण्या काढत बसले. कागद टाकायचा तर तो हातात घ्यावा लागतो, हातात घेतला की वाचावा लागतो, आणि वाचला की तो टाकता येत नाही. पहिल्या आठवड्यात एकूण अकरा कागद बारीक झाले.

पण त्या वाचण्यातून काही गोष्टी निघाल्या. विम्याच्या पावत्यांमध्ये पाचशेच्या दोन जुन्या नोटा निघाल्या, ८ नोव्हेंबर २०१६ च्या आधीच्या. काकूंनी त्या काकांपासून लपवल्या होत्या आणि मग स्वतःपासूनही लपल्या. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा दहापर्यंत नोटा बाळगायला हरकत नाही, त्यामुळे त्या 'अतिमहत्त्वाचे'त गेल्या. वडिलांच्या नावाची एक मुदतठेवीची पावती निघाली. दहा वर्षं कुणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात, बुडत नाहीत. ऑगस्ट २०२३ पासून 'उद्गम' या संकेतस्थळावर नाव घालून त्या शोधताही येतात. काका आता रोज दुपारी जेवण झाल्यावर त्यावर एकेका नातेवाइकाचं नाव घालून पाहतात. एका कंपनीचं कागदी शेअर प्रमाणपत्र निघालं. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर तसेच्या तसे दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात; पण म्हणून ते यंत्रात घालायचे नसतात. खरेदीखत, इंडेक्स टू, सोसायटीचं भागपत्र, मृत्युपत्र, जन्म-मृत्यूचे दाखले यांच्या जवळपासही यंत्र न्यायचं नाही, अशी तंबी काकांनी खडूने यंत्रावरच लिहिली.

एक्स-रे हा वेगळाच प्रकार. २४ ऑक्टोबर १९९५ च्या सूर्यग्रहणाला वाड्यातल्या सगळ्यांनी काकांच्या मोडलेल्या नडगीतून सूर्य पाहिला होता. (डोळ्यांना हे घातकच, कुणाचं काही बिघडलं नाही ते नशीब.) त्या फिल्मवर काकांचं नाव, वय आणि दवाखान्याचा क्रमांक आहे. तीत चांदीचा अंश असतो, म्हणून जुन्या फिल्म घेणारे भंगारवाले असतात. काकांनी नाव ब्लेडने खरवडलं आणि नडगी विकली. एटीएमच्या चिठ्ठ्यांना तर काही करावंच लागलं नाही. उष्णतेवर छापलेली ती अक्षरं आपोआप उडून जातात. डबाभर चिठ्ठ्या काढल्या तर त्या सगळ्या कोऱ्या निघाल्या, दोन्ही बाजूंनी. काकूंना हे फार आवडलं.

तुकडे झाले, पण आता त्यांचं काय? नेहमीच्या रद्दीवाल्याने पिशवी हातात तोलली आणि परत दिली. "काका, ह्याचं काय करू? ह्याला भाव नाही." कागद जितका बारीक तितका त्याचा तंतू तुटका, गिरणीला तो नकोसा, शिवाय वजन करताना अर्धा उडून जातो. पुण्यात कचरावेचकांची १९९३ पासून संघटना आहे, तिचं नावच 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. त्या नावात कागद पहिला आहे तो उगाच नाही. पण तो अखंड कागद. गुपित जितकं सुरक्षित, तितकी रद्दी कवडीमोल, असा हा व्यवहार.

इथे काकूंनी सूत्रं हाती घेतली. उरलेल्या वीस वर्षांच्या उताऱ्यांना त्यांनी यंत्राजवळ जाऊच दिलं नाही. सगळे फाडून बादलीत घातले, वर गरम पाणी, दोन दिवस झाकण. तिसऱ्या दिवशी हाताने कालवलं. शाई पसरली, आकडे विरघळले, खातेक्रमांक आणि शिल्लक एकजीव झाले. मग त्यात भिजवलेल्या मेथीचं पीठ घातलं, लगदा पालथ्या पातेल्यावर थापला आणि उन्हात वाळवला. त्यांची आई सुपं लिंपायला आणि टोपल्या करायला हेच करायची. पोह्याएवढा नाही, रव्याएवढाही नाही; जर्मनांच्या सात दर्जांच्या पलीकडचा हा आठवा. त्या टोपलीत आता लसूण असतो. एका कडेला, अगदी निरखून पाहिलं तर, 'व्याज' एवढा शब्द वाचता येतो.

काम संपलं तेव्हा काकांना हुरहूर लागली. एवढं सगळं गेलं, पण काय काय गेलं, याची नोंद कुठेच नाही. उद्या कुणी विचारलं तर? सरकारी खात्यात अभिलेख नष्ट करताना यादी करतात. त्यांनीही करायला घेतली. दोन रात्री जागून, सुवाच्य अक्षरात: अनुक्रमांक, कागदाचा प्रकार, बँक, शाखा, खातेक्रमांक, तारीख, नष्ट करण्याची पद्धत ('यंत्र' किंवा 'बादली'), शेरा. चार पानं झाली. खाली सही आणि ठिकाण: पुणे. अर्थातच कागदाच्या एकाच बाजूला. यादी वाळायला म्हणून त्यांनी ती फोनशेजारच्या चिमट्यात अडकवली आणि फिरायला गेले.

दुसऱ्या दिवशी एक तारीख होती. दुपारी शेठचा फोन आला तेव्हा काकूंचा डोळा लागला होता, म्हणून काकांनी उचलला.

"काका, सामान काढून ठेवलंय. मुलाबरोबर पाठवतो," शेठ म्हणाला. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून विचारलं, "देना बँकेचं खातं शेवटी बंद केलंत वाटतं?"